बिजागरीचे तीन शेवट

घाटकोपर पूर्वेला पंतनगरात, हाउसिंग बोर्डाच्या इमारतींत, त्या काळी तीन गोष्टी फुकट मिळायच्या : गच्चीवरचं ऊन, शांताबाईंचा सल्ला आणि जानकी परबचं पुस्तकांवरचं मत. पहिल्याने पापड वाळायचे, दुसऱ्याने सुना वाळायच्या आणि तिसऱ्याने लेखक.

चैत्र लागला की बायका गच्चीवर उडदाचे पापड लाटायला जमत. जानकीच्या हाती लाटणं देण्यात अर्थ नव्हता. तिचा पापड जन्मात गोल झाला नाही. एका बाजूने सौराष्ट्र बाहेर यायचं, खाली कन्याकुमारी लोंबायची. म्हणून तिला वेगळं काम नेमून दिलेलं होतं. लाट्यांना तेल लावायचं, आणि एवढ्यात काय काय वाचलं ते सांगायचं.

"ती राजघराण्याची कादंबरी कशी निघाली गं?" मथुरा विचारायची. मथुरा समोरच्या इमारतीतली, हसरी, हात चालवता चालवता तोंडही चालवणारी.

"राजाला तलवार उपसायला सात पानं लागतात. तोवर शत्रू कंटाळून घरी जातो. दागिन्यांचं वर्णन मात्र असं, की लेखकाचा मेव्हणा सराफ असावा."

"आणि ती खुनाची?"

"खून कुणी केला ते मला सुरुवातीलाच कळलं. का केला ते खुन्याला शेवटपर्यंत कळलेलं नाही."

"प्रवासवर्णन नेलं होतंस ना?"

"विलायतेला गेलाय, आणि पानापानावर आईच्या हातचं पिठलं आठवतंय. अरे बाबा, मग बोटीत बसलास कशाला?"

एकदा तिने नव्या पद्धतीची एक कादंबरी आणली. त्यावरचं मत पंतनगरात पुढे कितीतरी दिवस फिरत होतं. "नायक खिडकीशी उभा राहतो. सिगरेट ओढतो. मग परत खिडकीशी उभा राहतो. पुस्तक संपलं. आमच्या वहिनी त्या घरात असत्या, तर दुसऱ्या पानावर त्याला दळण आणायला धाडला असता."

"धाडलोच असतो!" वनमालावहिनी लाटणं आपटून म्हणाल्या. "नुसतो उभो रवान काय करतलो मेलो?"

वनमाला म्हणजे जानकीच्या भावाची, सीतारामची, बायको. मूळची मालवणची. रागावली की मालवणी, आणि फारच रागावली की शुद्ध मराठी. नणंदेच्या वाचनाचा तिला राग नव्हता, पण वाचता वाचता आमटी ढवळण्याचा होता. "वन्सं, उतू चाललंय ते तुमच्या नायिकेच्या डोळ्यांतून नव्हे, आपल्या पातेल्यातून," असं ती शुद्ध मराठीत म्हणाली, की जानकी पुस्तकात बोट घालून गॅस बारीक करायची. बोट मात्र पुस्तकातून निघायचं नाही.

जानकीची स्तुती दुर्मीळ. एखादं पुस्तक मनापासून आवडलं तर ती एवढंच म्हणायची, "परत करवत नाही." हा तिचा सर्वोच्च पुरस्कार. तो मिळालेली पुस्तकं एका हाताच्या बोटांवर मावली असती, आणि अंगठा उरला असता.

त्यांतलं पहिलं नाव होतं 'बिजागरी'. सगळी भानगड या बिजागरीची.

पण आधी तुळशीदास. त्याच्याशिवाय भानगड कशी होणार?

स्टेशनकडे जाताना एका इमारतीच्या जिन्याखाली तुळशीदासचं 'सुबोध वाचनालय' होतं. वरून माणसं चढायची-उतरायची, खाली पुस्तकांवर बारीक धूळ गळत राहायची. तुळशीदास चाळिशीचा, सडाफटिंग, पांढराशुभ्र लेंगा, कानात अत्तराचा बोळा. बोलणं कढवलेल्या तुपासारखं. पंतनगरातल्या यच्चयावत बायका त्याच्या ताई, वहिनी, नाहीतर मावशी. एकट्या जानकीला तो 'जानकीबाई' म्हणायचा. हा फरक जानकीच्या कधी लक्षात आला नव्हता. बाकी अख्ख्या पंतनगरच्या आला होता.

त्याची पुस्तकं यायची गिरगावातल्या एका बाइंडरकडून. पुस्तक छापताना सोळा-सोळा पानांचे फर्मे होतात. ते जुळवताना काही प्रती अपुऱ्या राहतात, कुणात मधला फर्मा नसतो, कुणात शेवटचा. तुळशीदास शेवटचा फर्मा नसलेल्या प्रती हौसेने उचलायचा. "मध्येच अडखळलं की गिऱ्हाईक चिडतं," तो म्हणायचा, "शेवटाला अडखळलं की परत येतं." त्या प्रती तो जाड पुठ्ठ्यात बांधून घ्यायचा आणि आतल्या पानावर शिक्का मारायचा : 'शेवट तोंडी.' म्हणजे असं, की पुस्तक परत करायला आलात की शेवट तुळशीदास सांगणार. बाइंडरकडची पुरी प्रत तिथेच बसून आपण वाचून येतो, असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

अट एकच. ऐकलेला शेवट दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही. "दुसऱ्याच्या पानातली माशाची तळलेली तुकडी उचलण्यासारखं आहे ते," तुळशीदास कानाला हात लावायचा. पंतनगरच्या बायकांनी सासूची गुपितं फोडली, शेजारणीची फोडली, स्वतःच्या नवऱ्याची तर चवीने फोडली, पण तुळशीदासचा शेवट एकीनेही फोडला नाही. एवढी निष्ठा त्यांनी दुसरीकडे कुठे दाखवल्याचं ऐकिवात नाही.

आता सहासष्ट साल. जानकीने तेव्हा नुकतीच तिशी ओलांडलेली. साकीनाक्याला एका कारखान्याच्या ऑफिसात ती टायपिस्ट होती. कारखान्यात दाराखिडक्यांच्या कड्या, कोयंडे आणि बिजागऱ्या बनायच्या. तिथला फोरमन शिवदास. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. उंच, अबोल, नखांत कायम काळं ग्रीस. दसऱ्याला मशीनची पूजा झाली, पेढे वाटून झाले, आणि बसस्टॉपवर तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"परबबाई," तो समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "मी काही पुस्तकंबिस्तकं वाचत नाही. पण माझ्या घरात तुम्ही वाचत बसलात, तर मला चालेल."

जानकीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा बस आली होती.

"दिवाळीनंतर सांगा," शिवदास म्हणाला, आणि तिला चढायला वाट करून दिली.

इतक्या कादंबऱ्या वाचल्या होत्या तिने. चांदण्यात मागणी घालणारे वाचले, घोड्यावरून घालणारे वाचले, मरता मरता घालणारे तर पुष्कळ. पण 'वाचत बसलात तर चालेल' असं म्हणणारा एकाही लेखकाला सुचला नव्हता. तिचा जीव सुपाएवढा झाला. आणि मग नेहमीसारखा घराकडे बघून सुपारीएवढा. सीतारामची नोकरी म्हणजे आज आहे, उद्या नाही. वनमाला तोंडाने म्हणायची, "तुमचं काय ते बघा वन्सं, आमचं चाललंच," पण त्या 'चाललंच'मध्ये असा काही हेल असायचा, की घराबाहेर पडणारं पाऊल उंबऱ्यात अडावं.

त्याच आठवड्यात तिने तुळशीदासकडून 'बिजागरी' नेलं. नाव बघून नेलं, हे ती कुणाला सांगणार? आत बघते तो, तिचीच कुंडली मांडलेली. कमलिनी नावाची मास्तरीण, भावाच्या संसाराला खांदा दिलेली. एक भला बिजवर तिला मागणी घालतो. तिच्या खोलीच्या दाराची बिजागरी पहिल्या पानापासून कुरकुरत असते. ती कुठे निघाली की दार चुगली करतं, आणि भावजय आतून विचारते, "कोण? कमल का? कुठे निघालीस?" जानकी ते पुस्तक जेवताना वाचत होती, केस विंचरताना वाचत होती. शेवटी कमलिनी दाराशी येते, बाहेर टांगा उभा आहे, ती कडीला हात घालते, आणि फर्मा संपतो. पुढे पुठ्ठा. 'शेवट तोंडी.'

दिवाळीच्या आदल्या रविवारी जानकी सकाळीच वाचनालयात गेली.

"काय होतं पुढे?"

तुळशीदासने पुस्तक हातात घेतलं, धूळ नसताना फुंकर मारली, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"जानकीबाई," तो हळूच म्हणाला, "कमलिनी कडीवरचा हात काढते. आत जाते. देवापुढच्या समईतलं तेल वाटीत घेते. त्या बिजागरीत थेंब थेंब सोडते. बाहेर टांगेवाला हाका मारतोय. ती दार ढकलून बघते, आणि दार वाजत नाही. पहिल्यांदाच वाजत नाही. मग ती ते अलगद मिटून घेते. टांगा निघून जातो. शेवटचं वाक्य आहे, 'आता दार वाजत नाही.'"

जिन्यावरून कुणीतरी धाडधाड उतरलं. जानकी तिथे उभीच.

"परत करवत नाही," ती म्हणाली, आणि पुस्तक परत केलं.

दिवाळी संपल्यावर तिने शिवदासला नाही म्हणून सांगितलं. तो "बरं" म्हणाला. कारण विचारलं नाही. तेवढी कड्यांची ऑर्डर आजच टाइप करा, म्हणाला, आणि मशीनकडे गेला. नंतरच्या वैशाखात त्याचं लग्न झालं. मुलगी पंतनगरातलीच, मामाकडे राहिलेली. मथुरा. हो, तीच ती गच्चीवरची. लग्नात जानकीने मूठभर अक्षता टाकल्या, जिलबी खाल्ली, आणि जिलबी पाकात कमी पडल्याचं मतही दिलं.

नंतरची वर्षं तिने त्या एका वाक्यावर काढली. रविवारी दुपारी सीतारामचं बिऱ्हाड घोरत असायचं, लग्नानंतर समोरच्या इमारतीत राहायला आलेला शिवदास गॅलरीत वेताच्या खुर्चीवर बसलेला दिसायचा, मथुरा त्याच्याशी काहीतरी हसत बोलत असायची. जानकी पडदा ओढून घ्यायची. 'आता दार वाजत नाही.' काय वाक्य आहे! जिने असं वाक्य वाचलंय तिने रडू नये, असं ती स्वतःला बजावायची. वाचलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं, हे ती विसरूनही गेली होती.

आणि मग एकाहत्तरचा चैत्र. गच्चीवर तोच कार्यक्रम, तेच पापड. शांताबाई उशिरा आल्या. शांताबाई म्हणजे सगळ्यांत ज्येष्ठ, सासूच्या नावाने अजून बोटं मोडणाऱ्या. सासू स्वर्गाला जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी बोटं थांबली नव्हती. त्यांनी गच्चीचं दार लोटलं आणि ते जे कुरकुरलं, ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

"अगं बाई, कमलिनीचं दार!" मथुरा खिदळली. "शांतामावशी, तेल घाला आणि उघडा!"

"उघड कसलं?" जानकी हसून म्हणाली. "तेल घाल आणि मिट."

"मिटते कुठे? उघडते! टांग्यात जाऊन बसते ना ती!"

"कोण बसते?"

"कमलिनी गं! समईतलं तेल बिजागरीत घालते, दार आवाज न करता उघडते, भावजय झोपलेलीच राहते आणि ही टांग्यात. 'आता दार वाजत नाही.' काय गोड शेवट आहे! तूच तर म्हणायचीस, परत करवत नाही म्हणून."

जानकीच्या हातातली लाटी तेलाच्या वाटीत पडली.

"काय बोलताय गं दोघी?" शांताबाई पदराने वारा घेत खाली बसल्या. "तेलबिल काही नाही. ती बिजागरी निखळते, आणि दार धाडकन सासूच्या अंगावर पडतं. म्हातारी जागीच ठार. मला तर चार दिवस अन्न गोड लागलं."

"त्या पुस्तकात सासू आहेच कुठे?" जानकीचा आवाज चिरकला.

"शेवटी येते," शांताबाई ठामपणे म्हणाल्या. "तुळशीदासने सांगितलं."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग शांताबाईंना हसू फुटलं, मग वनमालेला. मथुरेच्या तर डोळ्यांतून पाणी आलं.

"अगं, काय लबाड मेला! जिला जो हवा तो शेवट! आणि मी वेडी, त्या शेवटावर लग्न केलं की गं!"

"म्हणजे?" जानकीने विचारलं.

"ह्यांनी मागणी घातली तेव्हा मी 'हो-नाही' करत होते. बिजवर, वयाने मोठे, बोलत नाहीत. तेव्हा मी तेच पुस्तक वाचत होते, तुझ्यामुळेच नेलेलं. तुळशीदासने शेवट सांगितला आणि म्हटलं, चला, कमलिनी बसली टांग्यात, आपणही बसू." ती पापड उचलून सुकायला टाकत म्हणाली, "काही वाईट झालं नाही म्हणा. ह्यांचं एकच, घरात पुस्तक दिसलं की म्हणतात, वाच, वाचत बस, मला चालेल."

मथुरेला पूर्वीच्या मागणीची काही कल्पना नव्हती. शिवदास अबोल असण्याचा तेवढा फायदा. वनमालेला होती. तिने लाटणं खाली ठेवलं. "वन्सं," ती म्हणाली, "चला, खाली जाऊया."

तेवढ्यात परत दार कुरकुरलं, आणि पापडाचे डबे न्यायला शिवदास आला. बायकांनी पदर सावरले. त्याने जानकीकडे बघून मान हलवली.

"काय परबबाई, हल्ली काय वाचताय?"

"काही नाही," जानकी म्हणाली. तिच्या तोंडून हे उत्तर पंतनगराने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

ती तेलकट हातांनीच वाचनालयात गेली. तुळशीदास कानातला बोळा बदलत होता.

"'बिजागरी'चा शेवट काय आहे?"

"सांगितला होता की, जानकीबाई. ती दार—"

"मिटते. मथुराचं दार उघडतं. शांताबाईंचं पडतं. तुळशीदास, पुस्तकात काय आहे?"

तुळशीदासने बोळा कानात घातला, काढला, पुन्हा घातला. मग म्हणाला, "मला काय ठाऊक?"

"तुम्ही बाइंडरकडे पुरी प्रत वाचता ना?"

"अहो, मिठाईवाला कधी स्वतःची मिठाई खातो का? मी आजवर एकही कादंबरी पुरी वाचलेली नाही. अर्धी वाचतो. मग पुढचं माणूस बघून सांगतो. शांतामावशींना सासू मारून दिली, दोन वर्षं त्या माझ्यासाठी घावणे आणत होत्या. मथुराताई आल्या, चेहराच लग्नाळू होता. नाही कसं म्हणायचं?"

"आणि माझा?"

"तुमचा..." तो पुस्तकांची रांग सरळ करू लागला. रांग सरळच होती. "तुमच्याकडे बघून मला वाटलं, तुम्हाला नकोच आहे."

"काय नकोय?"

"टांगा."

म्हणजे त्यालाही माहीत होतं. एक मथुरा सोडली, तर पंतनगरात कुणापासून काय लपतं? जानकी त्याच्याकडे बघत राहिली. आयुष्यात एका माणसाने तिचा चेहरा एवढा निरखून वाचला होता, आणि तोही अर्धाच वाचून पुढचं मनाने सांगितलं होतं.

"माझ्याकडे बघून सांगितलंत, की स्वतःकडे बघून?" तिने विचारलं.

तुळशीदासचं तूप पहिल्यांदाच थिजलं. जिन्यावरून एक बाई उतरत होती, तिच्या पावलांची धूळ दोघांच्या मधे पडत होती.

"ते पुस्तक द्या," जानकी म्हणाली. त्याने दिलं. तिने उघडून बघितलं, तेव्हा शिक्क्यावर तिच्या बोटाचं तेल उमटलं.

आता तिला एकच धोशा लागला : खरा शेवट काय? वनमाला म्हणाली, "वन्सं, झालं ते झालं. आता कळून काय उपयोग?" पण तो प्रश्न वाचणाऱ्या माणसाला विचारायचा नसतो. कमलिनीने दार मिटलं असेल, तर तुळशीदास खोटा असूनही खरा ठरत होता, आणि जानकीची गेली वर्षं जिथल्या तिथे बसत होती. उघडलं असेल तर... तर पुढचं तिला मनातही टाइप करवत नव्हतं.

ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, चेंबूरला श्यामकांत म्हणून एक निवृत्त मास्तर आहेत, छापून आलेली एकही कादंबरी सोडत नाहीत. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी झाल्यावर ती चेंबूरच्या बसमध्ये बसली. मास्तरांनी कपाटातून कोरं कव्हर घातलेली प्रत काढली. घरी देणार नाही, म्हणाले, इथे ओट्यावर बसून वाचा.

तिने शेवटची सोळा पानं उघडली. कमलिनी कडीला हात घालते. दार उघडण्याआधीच बाहेरून किंकाळी येते. टांग्याजवळच्या चाफ्याखाली बिजवर तिच्यासाठी फूल वेचायला वाकलेला असतो, त्याला नाग डसतो. पुढची सगळी पानं मांत्रिक, धावाधाव, चिता आणि हरिद्वार. कमलिनी हो म्हणाली असती की नाही, हे लेखकाने सांगितलं नव्हतं. तिला तोंड उघडायची वेळच येऊ दिली नव्हती. आणि बिजागरी? पहिल्या पानापासून कुरकुरणारी ती बिजागरी त्या सोळा पानांत एकदाही नव्हती. लेखक तिला साफ विसरला होता.

जानकीने पानं पुन्हा चाळली. एखादं पान चिकटलं असेल म्हणून नखाने सोडवून बघितलं.

"आवडली?" मास्तरांनी विचारलं.

"हा शेवट कुणी लिहिलाय?"

"म्हणजे काय? लेखकानेच!"

"वाटत नाही," जानकी म्हणाली, आणि चपला घालून निघाली. बसमध्ये तिला रडू आलं. ते तुळशीदाससाठी, शिवदाससाठी, की त्या बिजागरीसाठी, हे तिलाही धड सांगता आलं नसतं.

रविवारी गच्चीवर झाडून सगळ्या हजर. ज्यांच्या घरी पापड करायचे नव्हते त्याही. जानकी आली, आणि आज तिने लाटणं मागून घेतलं. कुणाला नाही म्हणायचं धाडस झालं नाही.

"मग? वाचलंस?" मथुराने विचारलं. "काय आहे शेवटी?"

"लेखक पळपुटा आहे. उत्तर द्यायची पाळी आली, तेव्हा त्याने साप सोडला."

"आणि दार?"

"दाराचं नावच नाही. पुस्तकभर बिजागरी कुरकुरवली, आणि शेवटी तिला तेल घालायचं त्याला सुचलं नाही. ते सुचलं तुळशीदासला." जानकी लाटत होती, मान वर न करता. "शेवट तुळशीदासचाच चांगला. छापलेल्याहून कितीतरी चांगला. तेच तर मला माफ करता येत नाही."

मग मथुराने सहज विचारलं, चिडवायला म्हणूनच, "पण कुठला चांगला? तुझा की माझा?"

वनमाला मध्येच जोरात खोकली. जानकीने पापड पोळपाटावरून उचलून उन्हात धरला. सौराष्ट्र बाहेर आलेलं होतंच.

"पुस्तकात माझा," ती म्हणाली.

आणि तो वाकडा पापड तिने तसाच वाळत घातला. शांताबाईंनी मात्र पहिल्यांदाच कसलाही सल्ला न देता तिच्या पुढ्यात आणखी एक लाटी सरकवली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती वाचनालयात गेली. शेवटचा फर्मा नसलेलं ते पुस्तक तिने फळीवर ठेवलं, त्यावर आपलं सभासदाचं कार्ड ठेवलं. तुळशीदास उभा राहिला. त्याच्या कानात आज अत्तर नव्हतं. दाढीही वाढली होती, असं शेजारच्या पानवाल्याने नंतर ज्याला त्याला सांगितलं.

"चेंबूरला जाऊन आलात म्हणे."

"आले."

"मग..." तो घुटमळला. लेंग्याला हात पुसले. आणि एवढ्या वर्षांत बायका ज्या आवाजात त्याला विचारायच्या, अगदी त्याच आवाजात त्याने विचारलं, "जानकीबाई, पुढे काय होतं?"

जानकीने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं होतं, तसंच.

"तुम्हाला नकोच आहे," ती म्हणाली, आणि पायरी उतरून गेली.